लक्ष्मणराव किर्लोस्कर: सायकलच्या दुकानापासून लोखंडी नांगरापर्यंत

तंत्रज्ञानाचा नाद असलेल्या हौशी माणसाला घरात एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: याचा उपयोग काय? मी मेढ्यात राहतो. टेबलावर सोल्डरिंग गन, दोन-तीन मायक्रोकंट्रोलर, जुन्या प्रिंटरमधून काढलेल्या मोटारी आणि पावसाळ्यात वीज गेली की बंद पडणारं बरंच काही पडलेलं असतं. एखादा साधा सेन्सर लागला तरी साताऱ्याची वारी करावी लागते, नाहीतर कुरिअरची वाट बघत बसावं लागतं. अशा वेळी हा प्रश्न मलाही पडतो. छंद आणि कामाची वस्तू यांच्यामध्ये नेमकं काय असतं? एक माणूस यंत्रं खोलून जोडत बसतो आणि दुसऱ्याच्या यंत्रावर शंभर गावं शेती करायला लागतात, हे कशामुळे होतं?

याचं उत्तर शोधायला कॅलिफोर्नियातल्या गॅरेजपर्यंत जायची गरज नाही. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडी आहे. ती ज्यांनी वसवली त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. ते चित्रकार व्हायला निघालेले, यंत्रांचा नाद असलेले एक हौशी गृहस्थ होते. त्यांचं चरित्र अनेकांनी उद्योगपती म्हणून सांगितलं आहे. आज मी ते एका हौशी कारागिराच्या नजरेनं सांगणार आहे. वाटेत त्यांनी हाताळलेली यंत्रं कशी चालतात तेही बघत जाऊ.

रंग न दिसणारा चित्रकार

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील वेदांताचे अभ्यासक. मुलाचं लक्ष मात्र पुस्तकापेक्षा चित्रांत आणि यंत्रांत. शाळेत मन रमेना, तेव्हा चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जायचं त्यांनी ठरवलं. वडिलांना हे पसंत नव्हतं. थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले म्हणून जाता आलं.

दोन वर्षं शिकल्यावर लक्षात आलं, की या विद्यार्थ्याला काही रंग ओळखताच येत नाहीत. त्यांना रंगांधळेपणा होता.

हे नेमकं काय असतं? आपल्या डोळ्याच्या पडद्यावर शंकूच्या आकाराच्या पेशी असतात. त्यांचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकार प्रकाशाच्या वेगवेगळ्या तरंगलांबीला जास्त प्रतिसाद देतो. या तिघांच्या संदेशांची तुलना करून मेंदू रंग ठरवतो. एक प्रकार नसला किंवा त्याचं काम बिघडलं, की काही रंगांमधला फरकच कळत नाही. लाल-हिरव्याच्या गोंधळाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे हा प्रकार स्त्रियांपेक्षा पुरुषांत बराच जास्त आढळतो. नजर मात्र अधू नसते. रेषा, आकार, अंतर, उजेड-सावली सगळं नीट दिसतं.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मंडळींना हा त्रास चांगला समजेल. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे आठवा. तपकिरी, लाल आणि नारिंगी पट्ट्यांत गल्लत झाली, की किंमत दहापट चुकते. रंगांधळा हौशी माणूस मग पट्ट्यांच्या नादाला लागत नाही, सरळ मल्टिमीटर लावून आकडा बघतो. रंगाची वाट बंद झाली, की मोजमापाची वाट धरायची.

लक्ष्मणरावांनी अगदी हेच केलं. रंगचित्र सोडून ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. त्यात रंग लागत नाही, पांढऱ्या कागदावर काळी रेघ पुरते. पण ती रेघ मोजून मापून काढावी लागते. डोळ्यांसमोर नसलेला भाग वरून, समोरून आणि बाजूनं कसा दिसेल हे मनात फिरवून बघावं लागतं. चित्रकाराचा हात होताच, आता त्याला माप मिळालं. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते हाच विषय शिकवायला लागले. ती संस्था १८८७ साली सुरू झालेली, म्हणजे तेव्हा अगदी नवी.

मला या भागात सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती शिक्षकाच्या पगारापेक्षा संस्थेतल्या यंत्रशाळेची. तिथं यंत्रं होती, हत्यारं होती आणि ती हाताळायला मिळत होती. जोडीला इंग्रजी तांत्रिक पुस्तकं आणि परदेशी मासिकं वाचायची सवय लागली. आज आपण व्हिडिओ बघून शिकतो, ते आकृत्या वाचून शिकले.

सायकल नावाची शाळा

त्या काळात सायकल ही नवलाईची वस्तू होती. सारख्या मापाची दोन चाकं आणि मागच्या चाकाला साखळी, अशी आजच्या घडणीची रोव्हर सायकल इंग्लंडमध्ये १८८५ साली आली. डनलॉपचा हवा भरलेला टायर १८८८ चा. म्हणजे लक्ष्मणराव मुंबईत होते तेव्हा सायकल म्हणजे आजच्या भाषेत अगदी ताजं गॅजेट.

त्यांनी सायकल घेतली, शिकली आणि त्यातून धंदा काढला. ते मुंबईहून सायकली पाठवत, बेळगावात रामूअण्णा त्या विकत. चालवायला शिकवणं आणि दुरुस्ती हेही आलंच. पाटी होती किर्लोस्कर ब्रदर्स या नावाची. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ सालापासून मानतो. ते दुकान ज्या रस्त्यावर होतं, त्याला बेळगावात आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

सायकल दुरुस्त करणं म्हणजे यंत्रविद्येचा एक अख्खा अभ्यासक्रम आहे. पुढच्या दातेरी चाकाला ४४ दाते आणि मागच्याला १८ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक साधारण अडीच वेळा फिरतं. वेग मिळतो, पण त्या बदल्यात जोर जास्त लावावा लागतो. फुकट काही नाही, हा यंत्रशास्त्राचा पहिला धडा. बेअरिंगमधल्या गोळ्या काढून तेल देताना घर्षण कळतं. चाकाचा बाक काढताना तारांचा ताण कळतो. एक तार घट्ट केली, की समोरची सैल करावी लागते. ज्यानं शंभर सायकली खोलल्यात, त्याला यंत्र म्हणजे काय हे हातानं कळलेलं असतं.

याच काळात व्हीजेटीआयमध्ये बढतीची वेळ आली आणि ती जागा त्यांना न देता एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. साल होतं १८९७. ठरलेला पगार सोडून ते बेळगावला भावाकडे आले.

कडब्याचे तुकडे

इथून पुढे ते स्वतः वस्तू बनवायला लागले. सुरुवातीची महत्त्वाची वस्तू म्हणजे कडबा कापायचं यंत्र.

आपल्याकडे ज्वारीचा कडबा हे बैलांचं मुख्य खाणं. अख्खी पेंढी पुढे टाकली, की जनावर पाला खातं आणि जाड बुडखा तुडवून टाकतं. चाऱ्याचा बराच भाग शेणात जातो. तोच कडबा बोट-दोन बोटांचे तुकडे करून दिला, तर जनावर बुडख्यासकट खातं. दुष्काळी भागात वाचलेला चारा म्हणजे वाचलेला बैल.

हे यंत्र दिसायला साधं. एक मोठं जड चाक, त्याच्या आऱ्यांवर वाकडी पाती. एका बाजूनं कडबा आत सारायचा, दुसऱ्या हातानं चाक फिरवायचं. चाक जड का? हलकं चाक पातं कडब्यात शिरताच अडलं असतं. जड चाक फिरताना शक्ती साठवून ठेवतं आणि कापायच्या क्षणी ती खर्च करतं. माणसाचा हात एकसारखा जोर लावतो, पण कापायला जोर झटक्यात लागतो. हा हिशोब ते चाक जुळवतं. पाती वाकडी का? सरळ पातं एकदम सगळ्या कडब्यावर आदळेल. वाकडं पातं विळ्यासारखं सरकत कापतं, म्हणून जोर कमी लागतो.

इथं एक गोष्ट मी मनाशी टिपून ठेवली आहे. सायकल ही शहरातल्या हौशी माणसाची वस्तू होती. तिथून ते कडबा कापण्याकडे वळले, म्हणजे ज्याच्याजवळ पैसा कमी पण गरज रोजची, अशा माणसाकडे. तंत्र तेच, गिऱ्हाईक बदललं.

लोखंडी नांगर करतो काय?

मग आला नांगर. किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर १९०३ सालचा.

आपला लाकडी नांगर तुम्ही पाहिला असेल. खोड, हळस, रुमणं आणि पुढे लोखंडी फाळ. तो जमिनीत रेघ ओढतो, माती फोडतो आणि दोन्ही बाजूंना सारतो. वरची माती वर आणि खालची खालीच राहते. हरळी आणि कुंदा यांच्यासारख्या खोल मुळांच्या तणांचं त्यानं फारसं काही बिघडत नाही. वरून तुटतात, खालून पुन्हा फुटतात.

लोखंडी नांगराचं वेगळेपण त्याच्या बाकदार पंखात आहे. फाळ जमीन खालून आडवी कापतो. कापलेली मातीची पट्टी पंखावर चढते आणि त्याच्या पिळामुळे वळत वळत उलटी पडते. तण खाली गाडलं जातं, मुळं वर येऊन उन्हाळ्यात वाळतात, खालची माती मोकळी होते आणि पहिला पाऊस आत मुरतो. सगळी करामत त्या पंखाच्या वळणात आहे. वळण कमी पडलं तर माती उलटत नाही, जास्त झालं तर ओढताना बैलांचा जीव जातो. हा आकार कागदावर बरोबर काढता येण्यासाठी ज्याला तिन्ही बाजूंनी वस्तू बघता येते असा माणूस लागतो. यंत्रांचं आरेखन शिकवलेल्या माणसाला हा आकार कागदावर धरता आला, यात मला नवल वाटत नाही.

मग धातूचा प्रश्न. असा नांगर ओतीव लोखंडाचा, म्हणजे बिडाचा करायचा तर एक अडचण येते. बीड वितळवून साच्यात ओतायला सोपं, पण फाळाचं टोक दगड-मातीत घासून बोथट होतं. कडक बीड घेतलं तर ठिसूळपणामुळे दगडावर आपटून तुटतं. नांगर बनवणाऱ्यांनी जगभर यावर एक युक्ती वापरली आहे. साचा वाळूचा करायचा, पण जिथं धार हवी तिथं आत लोखंडाचा तुकडा बसवायचा. रस त्या थंड लोखंडाला लागला की तिथला थर झटकन गोठतो आणि त्यातल्या कार्बनला ग्राफाइट व्हायला सवडच मिळत नाही. तो लोखंडाशी संयोग पावून अतिशय कठीण पदार्थ बनवतो. बाकीचा भाग वाळूत सावकाश निवतो आणि तितका ठिसूळ होत नाही. एकाच ओतकामात धार कडक, पाठ सोशिक. थ्रीडी प्रिंटरवर काम करणाऱ्यांना निवण्याच्या वेगानं वस्तू कशी बदलते हे माहीत आहेच. इथं तीच गोष्ट बाराशे अंशांच्या आसपास घडते.

न विकलेली दोन वर्षं

नांगर तयार झाला, पण कुणी घेईना. पहिले नांगर दोन वर्षं पडून राहिले. कारण म्हणून एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: लोखंडानं जमिनीत विष कालवलं जाईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

ही गोष्ट सांगताना लोक शेतकऱ्याच्या अज्ञानावर हसतात. मला तसं हसू येत नाही. शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. लाकडी नांगर गावचा सुतार करून देतो, मोडला तर तोच दुरुस्त करतो, आणि त्याची मजुरी सुगीला धान्याच्या रूपात जाते. रोख पैसा लागत नाही. फाळ बोथट झाला, तर लोहार शेवटून देतो. याउलट हा नवा नांगर रोख पैशांचा. पेरणीच्या तोंडावर त्याचा एखादा भाग तुटला, तर गावात कुणीच तो जोडू शकत नाही. बेळगावला जाऊन यायचं म्हणजे वाफसा निघून गेला. शिवाय ओढायला दोन-तीन जास्त बैलजोड्या लागणार. विषाची भीती असेलही, पण तिच्यामागे हा सगळा हिशोब होता असं मला वाटतं. दुरुस्तीची सोय नसलेली वस्तू घेताना आज आपणही कचरतोच.

आणि हेही खरं, की लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला मूर्ख ठरवून नांगर बंद केला नाही. ते वस्तू सुधारत राहिले, विकत राहिले आणि सुटे भाग पुरवत राहिले. फाळ हा झिजणारा भाग वेगळा काढता आणि बदलता येतो, ही लोखंडी नांगराची फार मोठी सोय आहे. अख्खा नांगर टाकायचा नाही, फक्त टोक बदलायचं. माझ्या टेबलावरचा बॅटरी चिकटवून बंद केलेला मोबाइल बघितला, की या साध्या बोल्टची किंमत कळते.

बेळगाव सुटलं, माळ मिळाला

धंदा जरा मार्गी लागतो तोच बेळगाव नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी जागा हवी झाली आणि कारखाना हलवायचा हुकूम आला. यंत्रं, भट्ट्या, माणसं घेऊन जायचं कुठं?

त्या वेळी लक्ष्मणरावांकडे औंधच्या यमाई देवीच्या मंदिराजवळ मंडप बांधायचं काम होतं. औंधच्या गादीवर १९०९ साली भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे बाळासाहेब, आले होते. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे आणि स्वतः चित्रं काढणारे हे राजेसाहेब. एका चित्रकारानं दुसऱ्या चित्रकाराची अडचण ओळखली म्हणा हवं तर. त्यांनी आपल्या संस्थानात, कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ, ३२ एकर जमीन देऊ केली आणि पैशाचीही मदत केली.

जमीन म्हणजे निवडुंगानं भरलेला, साप-विंचवांचा उघडा माळ. पाण्याची वानवा. पण शेजारी रेल्वे होती. नकाशा घेऊन बघितलं तर तिचं महत्त्व कळतं. बीड आणि कोळसा बाहेरून आणायचा, जड नांगर बाहेर पाठवायचे. बैलगाडीनं हे जमलं नसतं. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. पुढे स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं.

माणसं ओतणारी ओतशाळा

माळावर वस्ती उभी करायची म्हणजे कारखाना हा त्यातला निम्मा भाग. पाणी, घरं, रस्ते, स्वयंपाक, औषधपाणी आणि शाळा यांचाही विचार करावा लागला. वस्तीची आखणी रामूअण्णांनी बघितली. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाईंनी सुरुवातीच्या कामकऱ्यांच्या जेवणाखाणाचा भार उचलला. चरित्रांत हा भाग दोन ओळींत उरकतात, पण चूल पेटली नसती तर भट्टीही पेटली नसती.

सोबतचे लोक कोण होते हे बघण्यासारखं आहे. शंभोराव जांभेकर मॅट्रिकही न झालेले, पण यंत्रांच्या कामात तरबेज झाले. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, तेही नवी यंत्रं घडवणारे कारागीर बनले. मंगेशराव रेग्यांनी हिशोब आणि कारभार सांभाळला. ज्यांच्यावर दरोडेखोर म्हणून शिक्का बसला होता आणि जे शिक्षा भोगून आले होते, अशा माणसांना लक्ष्मणरावांनी रखवालदार नेमलं. त्यांनी ती राखण इमानानं केली. वस्तीत अस्पृश्यता पाळायची नाही, असाही त्यांचा कटाक्ष होता. १९१०-२० च्या दशकात, आपल्या या भागात, ही साधी गोष्ट नव्हती.

हातात प्रमाणपत्र नसलेल्या लोकांचा हा कारखाना होता आणि त्याचा मालकही त्यातलाच. म्हणून हे चरित्र वाचताना मला बरं वाटतं. पण त्यात एक अट दडलेली आहे. कागद नसला तरी चालेल, मात्र काम मोजून तपासलं जाईल. नांगर शेतात चालतो की नाही, हीच परीक्षा.

युद्ध आणि विक्रीच्या वाटा

१९१४ साली पहिलं महायुद्ध लागलं. परदेशी नांगर येणं अवघड झालं, त्यामुळे देशी मालाला संधी मिळाली. पण कच्चं लोखंड, कोळसा, रंग हेही मिळेनासं झालं. मालाला मागणी आहे आणि बनवायला सामान नाही, हा पेच अलीकडे चिप्सच्या टंचाईत आपणही बघितला. जुनं लोखंड गोळा करणं, मिळेल त्या जळणावर भट्टी चालवणं, अशा वेळी हे सगळं आलंच. तशातही वाडी टिकली. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच साली शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केलं. कारखान्याच्या बातम्या देता देता त्याचं पुढे मोठं मराठी मासिक झालं. स्त्री आणि मनोहर ही मासिकंही याच घरातली. यंत्रं आणि वाचन यांची सांगड घालणारा असा दुसरा मराठी कारखाना मला माहीत नाही.

नांगर गावोगाव पोचवणाऱ्यांत एक नाव आपल्या साताऱ्याला देवाच्या ठिकाणी आहे. रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील उमेदीच्या काळात ओगलेवाडीच्या काचकारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत फिरत होते. त्यानंतर धनजीशा कूपर यांच्यासोबत साताऱ्याकडेही नांगरांचा कारखाना निघाला. सातारा रोडचं कूपरांचं नाव इथल्या जुन्या शेतकऱ्यांना अजून आठवतं. म्हणजे एका माळावर सुरू झालेल्या कामानं शेजारी स्पर्धकही उभे केले आणि त्या फिरतीत भाऊरावांना गावोगावची परिस्थिती जवळून दिसली.

मेढ्याच्या बाजूचं मात्र थोडं वेगळं आहे. आमच्याकडे वेण्णेच्या खोऱ्यात डोंगरउताराच्या लहान पट्ट्या आणि भाताची खाचरं. चार-पाच बैलजोड्यांचा जड नांगर वळवायलाही तिथं जागा नाही. तो नांगर शोभतो कृष्णाकाठच्या काळ्या रानात. यंत्र चांगलं की वाईट हे जमीन बघूनच ठरतं, ही गोष्ट इथं डोंगरात राहून लवकर कळते.

नांगरानंतर पाणी

नांगराबरोबर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं अशा वस्तू निघत गेल्या. मग १९२६ साली किर्लोस्करांचा पहिला सेंट्रीफ्यूगल पंप आला. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव त्याच साली अमेरिकेतल्या एमआयटीतून इंजिनिअर झाले. बापाला मासिकांतून शिकावं लागलं, मुलगा थेट शाळेत गेला.

या पंपाचं तत्त्व सोपं आहे. आत एक पंखा वेगानं फिरतो आणि पाणी मधून बाहेर भिरकावतो. ओला टॉवेल गरगर फिरवला की थेंब उडतात तसंच. बाहेरच्या कवचात वेग कमी होऊन त्याचा दाब होतो आणि पाणी वर चढतं. मध्यभागी दाब कमी झाल्यामुळे विहिरीतलं पाणी आत येतं. पण पंप त्याला ओढत नाही, वातावरणाची हवा त्याला खालून ढकलते. म्हणून तात्त्विक हिशोबानंही पाणी सुमारे १० मीटरपेक्षा खालून येऊ शकत नाही. प्रत्यक्षात सहा-सात मीटरच धरायचे. त्यामुळे पंप विहिरीत खाली उतरवून बसवावा लागतो. वर कितीही उंच चढवता येतं, ते मोटारीच्या जोरावर. आणि सुरू करण्याआधी पंपात पाणी भरावं लागतं, कारण हवा फार हलकी असल्यानं पंखा तिला जोरात भिरकावू शकत नाही. फूट व्हॉल्व्हमध्ये पालापाचोळा अडकून पाणी उतरून गेलं की शेतकरी का वैतागतो, ते आता कळलं असेल.

यापूर्वी पाणी काढायला मोट होती. दोन किंवा चार बैल, चामड्याची मोट आणि दिवसभर पुढे-मागे चालणारा माणूस. पंपानं बैल आणि माणूस दोघांना त्या धावेवरून सोडवलं.

चाळिशीच्या दशकात काम पसरत गेलं. १९४१ साली हरिहरला मशीन टूल्सचा कारखाना, १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगळुरात विजेच्या मोटारींचा. मुलं आणि पुतणे कारभार बघू लागले.

१९४८

लक्ष्मणराव ७८ वर्षांचे असताना सगळ्यात मोठा घाव बसला. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. खुनी ब्राह्मण होता, म्हणून दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि धंद्यांवर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळला गेला. ज्या माळावरून आसपासच्या शेतांत नांगर आणि पंप गेले, त्याच माळावर यंत्रं, कागद, इमारती जळाल्या. जातीचा भेद न मानता उभी केलेली वस्ती जातीच्या नावानं जळावी, हे वाचताना आजही मन सुन्न होतं. कारखाना पुन्हा उभा राहिला. त्याच सुमारास औंध संस्थानही विलीन झालं आणि वाडी आधी दक्षिण साताऱ्यात, मग १९६० पासून सांगली जिल्ह्यात आली.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, त्यांचं टपाल तिकीट निघालं.

मग छंदाचा उपयोग काय?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. या आयुष्यात छंद आणि कामाची वस्तू यांच्यामध्ये मला तीन पायऱ्या दिसतात. पहिली म्हणजे खोलून जोडणं: सायकल. तिथं शिकणारा आपणच. दुसरी म्हणजे दुसऱ्याची रोजची अडचण सोडवणं: कडबा. तिथं गिऱ्हाईक दिसायला लागतं. तिसरी सर्वांत अवघड: दोन वर्षं वस्तू पडून असताना तिला चिकटून राहणं आणि विकल्यावर सुटा भाग मिळत राहील याची जबाबदारी घेणं. आपण हौशी मंडळी बहुधा पहिल्या पायरीवर खूश असतो, आणि त्यात गैर काही नाही. पण शेजाऱ्याच्या विहिरीवर पंप चालू-बंद करणारं यंत्र बसवून द्यायचं असेल, तर ते पावसात भिजल्यावर, दोन वर्षांनी, कोण दुरुस्त करणार, याचं उत्तर आधी द्यावं लागेल. सर्किट काढण्याआधी हा प्रश्न वहीत वर लिहून ठेवायचा, असं मी ठरवलं आहे.

गावात भंगाराच्या ढिगात एखादा जुना लोखंडी नांगर दिसला, तर दोन मिनिटं थांबून बघा. पंखाचा पीळ बघा, त्यावर मातीनं घासून आलेली चकाकी बघा आणि फाळ कुठल्या बोल्टनं बसवला आहे तेही. पाना असेल तर तो बोल्ट सुटतो का, हेही करून बघायला हरकत नाही.